पी.पी. नंबरचं इंटरनेट विकणाऱ्यांना अनावृत पत्र

घरगुती ब्रॉडबँड विकणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक यांस,

पत्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याने आपला पत्ता लिहावा, असं आम्हाला पाचवीत शिकवलं. मजकुराला किती गुण मिळतील ते सांगता यायचं नाही, पण पत्ता विसरला की गुण जाणार हे नक्की असायचं. बाई म्हणायच्या, ज्या पत्राला पत्ता नाही त्याला उत्तर येत नाही. या पत्रावर मी पत्ता लिहिलेला नाही. चौदा महिने तुम्ही मला जी जोडणी विकलीत तिला पत्ताच नव्हता, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

तुमचं नावही लिहीत नाही. हा धंदा करणारे तुम्ही एकटे नाही. ज्या ज्या कंपनीने ग्राहकाला अर्धं इंटरनेट देऊन पूर्ण इंटरनेटचं बिल लावलं, तिने हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचावं.

माझे वडील कुडाळ तालुक्यातले. नोकरी पुण्याला, जीव गावाकडे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आठ दिवसांची रजा टाकून ते गावी जात आणि खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून दशावताराचे प्रयोग रात्र-रात्र ध्वनिमुद्रित करत. अशा ९४ कॅसेटी घरात होत्या. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांचा स्वतःचा आवाज आहे: तारीख, गाव, मंडळ, आख्यानाचं नाव. मग हार्मोनियमचा सूर, पखवाज, झांज, आणि पहाटेपर्यंत चालणारे देव-दानवांचे संवाद. वडील गेल्यावर दोन पावसाळे मी त्या कॅसेटी एकेक करून संगणकात उतरवल्या. बुरशी धरलेली फीत पुसली, तुटलेली जोडली, ताणलेली पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली.

मग जुन्या बाजारातून एक छोटा संगणक आणला आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवला. तो रात्रंदिवस चालू असतो आणि एका एलईडी दिव्याइतकी वीज खातो. त्याच्यावर मी हा सगळा संग्रह मांडला. डिचोलीची आत्या, सांगलीचे काका, मस्कतमधला चुलतभाऊ आणि ज्या कलाकारांचे आवाज त्यात आहेत त्यांची मुलं-नातवंडं, यांनी आपापल्या फोनवरून माझ्या घरी यावं आणि ऐकावं. एवढंच मला हवं होतं. पैसे नाहीत, जाहिरात नाही, दुकान नाही.

‘एखाद्या मोठ्या कंपनीच्या साइटवर टाका ना,’ असं तुमच्या माणसाने मला सुचवलं. मला ते नको आहे, आणि का नको ते सांगते. त्या कलाकारांनी वडिलांना ध्वनिमुद्रण करू दिलं ते ओळखीवर आणि विश्वासावर. ते आवाज कुणी ऐकायचे, हे ठरवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ती मी अनोळखी माणसावर सोपवणार नाही. वडिलांच्या आवाजाआधी टूथपेस्टची जाहिरात वाजलेली मला सहन होणार नाही. आणि परक्याच्या फळीवर ठेवलेली वस्तू फळीबरोबर जाते, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं, तेव्हा कितीतरी मैत्रिणींची पानं, एकमेकींना लिहिलेले निरोप त्याच्याबरोबर गेले. म्हणून माझं सामान माझ्या कपाटात.

संगणक तयार झाला. राउटरमध्ये जाऊन बाहेरून येणाऱ्याला त्या संगणकापर्यंत नेणारी वाट उघडली. रात्री नऊ वाजता आत्याला फोन केला आणि काय दाबायचं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, नुसतं चाक फिरतंय.’ दुसऱ्या दिवशीही चाक फिरलं, तिसऱ्या दिवशीही. आत्या ८१ वर्षांची आहे. चौथ्या दिवशी तिनेच मला सांगितलं, ‘राहू दे बाय, माझ्याच फोनात काहीतरी बिघाड असेल.’ तिच्या फोनात काही बिघाड नव्हता. तिला तसं वाटावं लागलं, याचा राग मला अजून आहे.

चौथ्या रात्री मी राउटरच्या पडद्यावर तुम्ही मला दिलेला पत्ता नीट वाचला. तो १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ८१ होता. बाहेरच्या जगाला माझी जोडणी ज्या पत्त्यावरून दिसत होती, तो आकडा अगदी वेगळा होता. तिथे मला कळलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम बाजूला काढले गेले, ते कंपन्यांना आपल्या आतल्या जाळ्यात वापरता यावेत म्हणून. असे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते आहेत, आणि त्यातल्या एकावरही बाहेरून कुणी येऊ शकत नाही. तुम्ही शेकडो घरांना असे आतले पत्ते वाटता, आणि जगासमोर त्या सगळ्यांचा मिळून एकच खरा पत्ता ठेवता. या व्यवस्थेला तुमच्या खात्यात सीजीनॅट म्हणतात.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांनी पी.पी. नंबर आठवावा. आमच्या लहानपणी वाड्यात फोन एकच, मालकांच्या घरी. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर लोक तोच नंबर छापत आणि पुढे ‘पी.पी.’ असं लिहीत. म्हणजे नंबर शेजाऱ्याचा, माणूस आम्ही. फोन आला की मालकीणबाई खिडकीतून हाक मारत आणि आम्ही चपला न घालता धावत सुटत असू. सीजीनॅट हा पी.पी. नंबरच आहे, फक्त हाक मारणाऱ्या मालकीणबाई त्यात नाहीत. मी बाहेर फोन लावला तर तुमचं यंत्र नोंद ठेवतं आणि उत्तर माझ्याकडे वळवतं. पण आत्याने डिचोलीहून आपण होऊन हाक दिली, तर ती तुमच्या यंत्रापाशी येते, हे कुणासाठी आहे याची नोंद यंत्राला सापडत नाही, आणि ते ती हाक तिथेच टाकून देतं. कुणाला सांगत नाही, तिलाही नाही, मलाही नाही. वाड्याचे मालक याहून माणुसकीने वागत.

पत्त्यांची टंचाई खरी आहे, हे मला माहीत आहे आणि मी ते नाकारत नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातला शेवटचा गठ्ठा वाटला गेला. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था आपल्या शेवटच्या साठ्यावर आली, आणि त्या साठ्यातून एका कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. नव्या कंपनीने हजार पत्त्यांत गावभर जोडण्या कशा द्यायच्या, हा प्रश्न रास्त आहे. बाजारातून पत्ता विकत घ्यायला पैसे पडतात, हेही रास्त आहे. त्यासाठी महिन्याला वाजवी रक्कम मागा, मी देईन. पण टंचाई सांगायची गोष्ट आहे, लपवायची नाही. तुमच्या जाहिरातीच्या पत्रकावर वेग होता, बारा ओटीटी होते, मोफत राउटर होता. पत्ता मिळणार नाही, हे कुठेच नव्हतं. याला आमच्याकडे मापात पाप म्हणतात.

आणि टंचाईचं कारण कुठपर्यंत पुरतं तेही पाहू. नव्या पद्धतीच्या, आयपीव्ही६ च्या, पत्त्यांना टंचाई शिवलेलीसुद्धा नाही. तिचा आराखडा डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घराला दिल्या जाणाऱ्या लहानात लहान तुकड्यातसुद्धा जगातल्या सगळ्या जुन्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट पत्ते मावतात. आपल्या दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये सांगून ठेवलं की ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी आयपीव्ही६ वाहून नेण्यास सक्षम असावी. भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी ही पद्धत इतकी पसरवली की आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत अगदी पुढच्या रांगेत आहे. म्हणजे खिशातल्या फोनला नवा पत्ता आहे, आणि भिंतीतून आलेल्या फायबरला नाही. माझी जोडणी त्या मुदतीनंतरची होती. मी आयपीव्ही६ बद्दल विचारलं, तेव्हा तुमच्या मदतकक्षातल्या मुलीने मला राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासमोरच्या कागदावर तेवढंच एक उत्तर होतं, आणि तो कागद तुम्ही लिहिला होता.

मग तुमचा तंत्रज्ञ घरी आला. भला माणूस. कपाटातल्या संगणकाकडे पाहून म्हणाला, ‘मॅडम, हे घरच्या प्लॅनमध्ये चालत नाही. तुम्ही बिझनेस प्लॅन घ्या.’ मी विचारलं, का चालत नाही? त्याने खांदे उडवले. उत्तर मला तुमच्या करारात सापडलं, बारीक अक्षरात: ग्राहकाने कोणत्याही प्रकारचा सर्व्हर चालवू नये. बिझनेस प्लॅनचा दर घरच्या प्लॅनच्या अडीचपट, वर १८ टक्के जीएसटी. माझा बिझनेस कोणता? मेलेल्या बापाचा आवाज त्याच्या बहिणीला ऐकवणं हा व्यवसाय असेल, तर पावतीवर तसं लिहून द्या.

‘कोणत्याही प्रकारचा सर्व्हर’ म्हणजे काय, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? दुसऱ्या यंत्राने मागितलं की देणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. दारावरचा कॅमेरा माझ्या फोनला चित्र देतो, तेव्हा तो सर्व्हर असतो. दोन संगणक थेट बोलत असतील, तर व्हिडिओ कॉलमध्ये दोघेही एकमेकांना देत असतात. मित्राबरोबर खेळताना खेळ ज्याच्या यंत्रावर उघडला जातो, त्याचं यंत्र सर्व्हर असतं. तुमचं कलम शब्दशः लावलं तर सोसायटीतलं एकही घर करार पाळत नाही. ज्या कलमाखाली सगळेच दोषी ठरतात, ते कलम नियमासाठी नसतं. नको असलेल्या माणसाला गप्प करायला ते हाताशी ठेवलेलं असतं.

पत्ता नसल्याचे परिणाम लोकांच्या घरात दिसतात, फक्त त्यांना कारण माहीत नसतं. दारावरच्या कॅमेऱ्याला बाहेरून गाठता येत नाही, म्हणून तो चित्र आधी कुठल्यातरी परक्या कंपनीच्या संगणकावर पाठवतो आणि आपण तिथून ते बघतो. आपल्याच उंबरठ्यावर कोण उभं आहे, हे पाहायला तिसऱ्याच्या घरातून जावं लागतं, आणि पुढे त्याचं मासिक भाडंही द्यावं लागतं. शेकडो घरांचा एकच पत्ता असल्याने त्यातल्या एकाने उपद्रव केला की साइट्स सगळ्यांनाच संशयाने बघतात आणि ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून चित्रं निवडायला लावतात. मी शेवटी मुंबईत एक संगणक भाड्याने घेतला आणि माझ्या घरापासून तिथपर्यंत बोगदा काढला. आत्याने ऐकायचं ते मुंबईच्या त्या संगणकातून. पुण्यात माझ्या बहिणीला दोन गल्ल्या पलीकडे ऐकायचं तेही मुंबईला जाऊन परत. ते भाडं मी दर महिन्याला भरत होते. तुम्ही न दिलेल्या वस्तूची किंमत मी दुसऱ्याला देत होते, आणि तुम्हालाही.

जुन्या गोष्टी मला मुद्दाम सांगाव्याशा वाटतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा खाती दोन तऱ्हेची होती. एक शेल अकाउंट: तुमचा संगणक निगमच्या संगणकाला जोडायचा आणि त्याच्या पडद्यावरची अक्षरं तुमच्या पडद्यावर बघायची. ते स्वस्त असे, विद्यार्थ्यांना परवडे. दुसरं टीसीपी-आयपी अकाउंट: त्यात जोडणी असेपर्यंत तुमचा स्वतःचा संगणक जगाच्या जाळ्यात खऱ्या पत्त्यानिशी उभा असे. मोडेम कुरकुरत चालायचा, तारा पावसात भिजल्या की जोडणी तुटायची, सगळं हळू होतं. पण सरकारी कंपनीने अर्ध्या वस्तूला वेगळं नाव दिलं होतं आणि वेगळा दर लावला होता. तुम्ही हजारोपट वेगवान तारेवरून शेल अकाउंट देता आणि त्याला इंटरनेट म्हणता.

वेबचा पहिला सर्व्हरही कुठल्या थंडगार गोदामात नव्हता. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या मेजावरचा तो काळा संगणक होता, आणि हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी त्याला चिकटवलेली होती. त्यांनी लिहिलेला पहिला ब्राउझर वाचायचाही होता आणि लिहायचाही. वाचणारा आणि लिहिणारा असे दोन वर्ग त्या कल्पनेत नव्हते. ते तुम्ही केलेत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावण्यावर बंदी घातली, त्याआधी लाखो लोकांनी ट्रायला ईमेल लिहिले होते. त्यात मीही होते. तेव्हा झगडा होता काय बघायला मिळावं याचा. आपल्याकडचं दाखवायला मिळावं, हा त्याचाच दुसरा निम्मा भाग आहे, आणि तो अजून बाकी आहे.

हा झगडा इतरत्र लढून झाला आहे. अमेरिकेत कॅन्सस शहरात गूगलने स्वतःचं फायबर घातलं, तेव्हा त्यांच्या अटींतही सर्व्हरला बंदी होती. एका ग्राहकाने नियामक संस्थेकडे तक्रार केली. कंपनीने आधी बंदीचं समर्थन केलं, आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अट बदलली: वैयक्तिक, बिगरव्यापारी सर्व्हर चालेल. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून एक्सएस-फॉर-ऑल नावाची कंपनी होती, स्वतःचं काही चालवू पाहणाऱ्यांची लाडकी. २०१९ मध्ये तिच्या मालक कंपनीने ते नाव मोडीत काढायचं जाहीर केलं, तेव्हा ग्राहक आणि जुने लोक नुसते हळहळले नाहीत. त्यांनी पैसे उभे करून त्याच वर्षी फ्रीडम इंटरनेट नावाची नवी कंपनी काढली. पत्ता असलेली जोडणी ही लोकांच्या दृष्टीने एवढ्या मोलाची असू शकते.

तुमच्या बाजूनेही जे खरं आहे ते मी मांडते. घरातलं दार सताड उघडं टाकणं धोक्याचं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या हल्ल्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स काही तास बंद पाडल्या. टपाल पाठवण्याचं पोर्ट २५ घरगुती जोडण्यांवर बंद ठेवता, तेही समजू शकते. नाहीतर विषाणू लागलेला प्रत्येक संगणक कचरा-ईमेल पाठवत सुटेल. दारं बंद असावीत, याला माझा विरोध नाही. माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे असावी, एवढंच मागते. ज्याला नको त्याच्यासाठी बंद ठेवा. जो लेखी मागेल आणि जबाबदारी घेईल, त्याला उघडून द्या.

वाहतुकीचं म्हणाल, तर आत्या ऐकते तो आवाज सेकंदाला १२८ किलोबिट घेतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीचा तो सातशेव्या हिश्श्याहूनही कमी आहे. तुम्हीच दिलेल्या ओटीटीवर वरच्या मजल्यावरची मुलं क्रिकेटचा सामना बघतात, त्यापुढे दशावताराची रात्र म्हणजे काहीच नाही.

इथून पुढचा मजकूर तुमच्यासाठी नाही. हे पत्र खुलं आहे, आणि शेजारी उभं राहून वाचणाऱ्यांना मला काही सांगायचं आहे.

नवी जोडणी घेताना वेग विचारण्याआधी पत्ता विचारा. घरच्या प्लॅनवर सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळेल का? तो कायमचा, म्हणजे स्टॅटिक, असायलाच हवा असं नाही. बदलता असला तरी चालतो, कारण बदललेला पत्ता नावाशी जुळवून देणाऱ्या सेवा आहेत. तो सार्वजनिक मात्र हवा. वेगळे पैसे असतील तर किती, आणि त्यासाठी बिझनेस प्लॅनची सक्ती आहे का? मग आयपीव्ही६ विचारा: मिळतो का, किती मोठा तुकडा मिळतो, आणि राउटर बंद-चालू केला की तो बदलतो का? घरासाठी निदान ५६ चा तुकडा द्यावा आणि तो शक्यतो बदलू नये, अशी युरोपातल्या जाणकारांची शिफारस २०१७ पासून आहे. ६४ चा, म्हणजे लहानात लहान, तुकडा मिळाला तरी एका संगणकाचं काम भागतं.

मग विचारा, कोणती पोर्टं बंद आहेत? ८० आणि ४४३ बंद असतील तर वेबचा सर्व्हर सरळ चालणार नाही. २५ बंद असेल तर समजून घ्या. घरातून ईमेलचा सर्व्हर चालवणं हे सगळ्यांत अवघड काम आहे, सुरुवात त्याने करू नका. अपलोडचा वेग डाउनलोडइतका आहे का ते पाहा. ‘अमर्याद’ शब्दाखाली किती जीबीची मर्यादा आहे ते पाहा. काही प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी असते, आणि अपलोड त्यात धरलेलं असू शकतं. राउटर त्यांचाच वापरायची सक्ती आहे का, त्याचा पासवर्ड तुम्हाला मिळतो का, की तो ब्रिज मोडमध्ये टाकून स्वतःचा राउटर लावता येतो, हेही विचारा. आयपीव्ही६ असूनही राउटर बाहेरचं सगळं अडवतो आणि ते उघडायचं बटणच दिलेलं नसतं, असंही असतं.

करारातलं सर्व्हरचं कलम स्वतः वाचा. ‘व्यापारी सर्व्हर नको’ आणि ‘कोणताही सर्व्हर नको’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळी उत्तरं ईमेलवर मागा, कारण फोनवर ‘हो सर, हो मॅडम’ म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर नसतो. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, स्वस्त पडले तरी. जोडणी आली की पहिल्याच दिवशी राउटरमध्ये दिसणारा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर तुम्हाला पत्ता आहे. राउटरमधला १०० ने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ यांतला आकडा असेल, किंवा १० ने, १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तुम्ही पी.पी. नंबरवर आहात.

आणि सोसायटीच्या सभेला जा. एकाच कंपनीला इमारतीत तार टाकू द्यायचा ठराव कुणी मांडला, तर उभे राहून विरोध करा. दोन तारा असल्या तरच कंपनी ग्राहकाचं ऐकते. मला ज्याने पत्ता दिला तो मोठा ब्रँड नाही, आमच्या भागातला छोटा जोडणीवाला आहे. मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, महिन्याला थोडे जास्त पैसे पडतील म्हणाला, ते आधीच सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत पत्ता चालू केला. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते. मला तुमच्याकडून भरपाई नको. चार गोष्टी करा. जोडणीच्या पत्रकावर, वेगाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा: सार्वजनिक पत्ता आहे किंवा नाही. घरच्या ग्राहकाला तो वाजवी दरात विकत घेऊ द्या, बिझनेसचा मुखवटा न घालता. आयपीव्ही६ चालू करा आणि त्याची किल्ली ग्राहकाच्या हाती द्या. आणि ते कलम काढून टाका. या चारपैकी पहिल्याला एक रुपयाही लागत नाही, फक्त खरं सांगायची तयारी लागते. म्हणून मी ती पहिली मागितली.

तुमचा राउटर मी गेल्या महिन्यात परत केला. त्याच रात्री आत्याला पुन्हा फोन लावला आणि पुन्हा तेच दाबायला सांगितलं. चाक फिरलं नाही. पलीकडून आधी फितीची खरखर ऐकू आली, मग वडिलांचा आवाज: तारीख, गाव, मंडळाचं नाव. आत्या काही बोलली नाही. पखवाज सुरू झाल्यावर म्हणाली, ‘दादा तारीख सांगताना घसा खाकरायचा, ते मी विसरले होते.’ रात्री दीडपर्यंत ती ऐकत होती. माझ्या राउटरच्या नोंदीत डिचोलीहून आलेली ती जोडणी दिसत होती, सरळ माझ्या कपाटापर्यंत आलेली, मध्ये कुणी नाही.

ही तुम्ही चौदा महिने अडवून ठेवलेली थेट भेट होती. अशा अजून किती अडकून आहेत, ते तुमच्या त्या यंत्रालाही माहीत नाही, कारण टाकून दिलेल्या हाकांची कुणी मोजदाद ठेवत नाही.

कळावे. लोभाची अपेक्षा नाही, पत्त्याची आहे.

आपली,
पत्ता मिळालेली एक ग्राहक